डहाणू-तलासरीच्या पडक्या गडांवरचे पक्षी

डोंगरमाथ्यावरचा पडका किल्ला आणि नैसर्गिक कडा यांत माणसाला फरक दिसतो, पक्ष्याला फारसा दिसत नाही. उभी दगडी भिंत, तिच्यातल्या फटी, पावसापासून आडोसा देणारे छत, खाली मोकळा उतार आणि माणसांची तुरळक ये-जा एवढे मिळाले की कड्यावर राहणारे पक्षी तिथे वस्तीला येतात. भूमध्य समुद्राभोवतीच्या टेकड्यांवर ग्रीक आणि रोमन अवशेषांत पक्षी पाहण्याची परंपरा जुनी आहे. तसाच अनुभव कोकणच्या अगदी उत्तर टोकाला, पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत घेता येतो. इथले अवशेष छोटे आहेत. त्यांची नावेही जिल्ह्याबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र ही चांगली गोष्ट आहे.

या भागाची जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाची, म्हणजे काळ्या पाषाणाची आहे. किनाऱ्याला चिकूच्या वाड्या, ताडामाडाची झाडे आणि खाड्या, मधल्या पट्ट्यात भातखाचरे आणि पूर्वेकडे सागवान, ऐन, मोह, पळस यांच्या जंगलातून वर आलेले सुटे डोंगर अशी तिची ठेवण आहे. सह्याद्रीची मुख्य रांग इथून बरीच आत असल्यामुळे प्रत्येक डोंगर एकटा उभा दिसतो. त्यामुळे माथ्यावरून पश्चिमेला समुद्रापर्यंत आणि उत्तरेला गुजरातच्या मैदानापर्यंत नजर पोहोचते. टेहळणीसाठी किल्ले बांधणाऱ्यांनी हे डोंगर निवडले ते यासाठीच, आणि शिकारी पक्षीही त्याच कारणाने इथे बसतात.

वस्ती जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला शिलालेख आहे. त्याने ज्या नद्यांवर प्रवाशांना फुकट होड्यांची सोय करून दिली, त्यांत दमण, तापी यांच्याबरोबर दाहनुका हे नाव येते. म्हणजे डहाणूची खाडी तेव्हाही रहदारीची होती. खाडीच्या उत्तर काठावर पुढे पोर्तुगीजांचा कोट उभा राहिला. आतल्या बाजूला डहाणू तालुक्यात गंभीरगड आणि सेगवा, तलासरी तालुक्यात काजळी गावाजवळचा बल्लाळगड, आणि दक्षिणेला पालघर तालुक्याच्या हद्दीत, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत अशेरीगड अशी ठाणी होती. १७३९ च्या वसई मोहिमेच्या सुमारास या पट्ट्यातली पोर्तुगीज सत्ता संपली आणि मराठ्यांचा अंमल आला. पुढच्या शतकात इंग्रजांच्या राज्यात या छोट्या डोंगरी ठाण्यांना लष्करी अर्थ उरला नाही. डहाणूचा कोट सरकारी कचेऱ्यांच्या कामी आला. डोंगरावरचे गड मात्र ओस पडले आणि पक्ष्यांना मोकळे झाले.

या सगळ्या अवशेषांत सर्वांत वेगळे ठिकाण म्हणजे बोर्डी-घोलवडच्या पूर्वेला, असवलीजवळ बारडाच्या डोंगरावर असलेली बहारोटची लेणी. काळ्या पाषाणात खोदलेल्या या गुहा पारशी समाजाला पवित्र आहेत. सुलतानी फौजेने संजाण बंदर लुटले तेव्हा तिथल्या पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या डोंगरात आणून लपवला आणि बारा वर्षे इथे राखला, असे परंपरा सांगते. १६०० च्या सुमारास रचलेल्या ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात ही हकीकत आली आहे. इथून तो अग्नी वांसद्याला, मग नवसारीला गेला आणि शेवटी १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. आजही पारशी भाविक डोंगर चढून इथे येतात. माथ्याची उंची सुमारे दीड हजार फूट असल्याने चढ बेताचा आहे, पण उन्हाळ्यात दमवणारा.

गुहेत पक्षी शोधायचे तर नजर आधी छताकडे न्यावी. लाल बुडाची माळभिंगरी दगडी छताला जे घरटे चिकटवते, ते या भागातल्या पक्ष्यांच्या बांधकामातले सर्वांत देखणे काम म्हणायला हरकत नाही. नर आणि मादी दोघेही डबक्याच्या काठावरून ओल्या चिखलाच्या बारीक गोळ्या चोचीत आणतात आणि एकेक गोळी आधीच्या गोळीला दाबून बसवतात. आधी छताला चिकटलेला गोल फुगीर कक्ष तयार होतो. मग त्याच्या एका बाजूने पुढे नळीसारखा बोळ वाढत जातो. पूर्ण झालेले घरटे आडव्या सुरईसारखे दिसते. जवळून पाहिले तर प्रत्येक गोळीचा उंचवटा वेगळा मोजता येतो, आणि दोन दिवसांच्या कामामधली सीमारेषाही मातीच्या रंगातल्या फरकावरून ओळखता येते. एका थराला वाळायला वेळ दिला नाही तर वरच्या ओल्या थराच्या वजनाने सगळेच खाली येईल, म्हणून काम टप्प्याटप्प्याने चालते. आत पिसे आणि मऊ गवत अंथरले जाते. बोळ अरुंद असल्याने बहुतेक शत्रूंना आत शिरता येत नाही. खालून चढून येणाऱ्या सापाला तर छताला धरायला काहीच सापडत नाही. नैसर्गिक कपारीत, लेण्यात, किल्ल्याच्या दिंडीत, आणि हल्ली महामार्गाखालच्या मोरीतही ही भिंगरी हेच घरटे बांधते. भूमध्य समुद्राकाठच्या पडक्या वाड्यांत आणि पुलांखाली घरटी करणारी भिंगरी तिची अगदी जवळची नातेवाईक असून तिचे घरटेही याच घडणीचे असते.

तिच्याच कुळातली डस्की क्रॅग मार्टिन ही धुरकट तपकिरी भिंगरी जास्त साधे काम करते. बाहेर झुकलेल्या खडकाखाली किंवा कमानीच्या आतल्या अंगाला ती चिखलाचा अर्धा वाडगा चिकटवते, आणि जमले तर वर्षानुवर्षे त्याचीच डागडुजी करून वापरते. ती स्थलांतर करत नाही. त्यामुळे बारा महिन्यांत केव्हाही गड चढला तरी कड्यापुढून सावकाश घिरट्या घालणारा, शेपटी उघडली की पांढऱ्या ठिपक्यांची रांग दाखवणारा हा पक्षी हमखास दिसतो.

पाकोळ्या दिसायला भिंगऱ्यांसारख्या असल्या तरी त्यांचे कुळ पूर्ण वेगळे. त्यांच्या पायांची चारही बोटे आकड्यांसारखी असतात. त्यांनी उभ्या भिंतीला लटकता येते, पण सपाट जमिनीवर चालता येत नाही. पांढऱ्या बुडाची नेहमीची पाकोळी उडता उडताच हवेतली पिसे आणि काड्या पकडते आणि आपल्या लाळेने त्या दगडाला चिकटवते. जुन्या दरवाजांच्या कमानी तिला फार आवडतात. एका कमानीत घरटी एकाला एक लागून गोधडीसारखी पसरलेली दिसतात. संध्याकाळी सगळी वस्ती एकदम हवेत येऊन किलबिलाट करत गोल फिरू लागते, तेव्हा ओस गडावर एकदम वर्दळ सुरू होते. मोठ्या कड्यांपुढे कधी पांढऱ्या पोटाची, पंख पसरल्यावर जवळजवळ दोन फुटांची मोठी पाकोळीही झपाट्याने निघून जाते. युरोपात आल्प्सपासून ग्रीसपर्यंत कड्यांवर राहणारी अल्पाईन स्विफ्ट ती हीच.

ऑक्टोबर लागला की गडांवर हिवाळी पाहुणे येतात. त्यांतला मानकरी निळा शैल कस्तूर. मैनेएवढा, लांब चोचीचा हा पक्षी सावलीत काळपट दिसतो आणि ऊन पडले की अंगभर गर्द निळा होतो. बुरुजाच्या कोपऱ्यावरचा एखादा दगड तो आपला मानतो, सबंध हिवाळा तिथेच बसतो आणि दुसऱ्या कस्तुराला तिथे फिरकू देत नाही. पुढच्या वर्षीही त्याच दगडावर निळा शैल कस्तूर दिसण्याचा संभव असतो. माल्टा या भूमध्य सागरातल्या बेटाचा हा राष्ट्रीय पक्षी आहे, आणि सिसिलीपासून ग्रीसपर्यंतच्या अवशेषांवर पक्षीनिरीक्षक त्यालाच शोधत असतात. आपल्याकडे येणारे मात्र तिकडचे पक्षी नव्हेत. ते हिमालय आणि मध्य आशियातल्या डोंगरांतून उतरतात. जात एक असली तरी घराणी वेगळी, आणि दोघांनाही हवा असतो तो उन्हात तापलेला उघडा दगड.

याच दिवसांत तटाच्या दगडांवरून उंदरासारखा तुरुतुरु धावणारा एक छोटा वटवट्या दिसतो. हा गंधकी पोटाचा वटवट्या. त्याचे भाईबंद झाडांच्या पानांत किडे शोधतात. हा मात्र मोठाले दगड, भिंती आणि झाडांची खोडे यांवर फिरून फटींतून भक्ष्य टिपतो. ग्रीस आणि तुर्कस्तानातल्या अवशेषांमध्ये, डेल्फीच्या देवळांभोवती किंवा इफेससच्या खांबांवर, हेच काम रॉक नटहॅच नावाचा पक्षी करतो. दोघांचे कुळ वेगळे आणि प्रदेशही हजारो मैल दूर, तरी दगडाच्या फटीत लपलेल्या किड्यापर्यंत पोहोचायचे म्हटल्यावर दोघांच्या सवयी एकमेकांच्या जवळ आल्या आहेत. कृष्ण थिरथिराही याच ऋतूतला. काळ्या छातीचा आणि तांबूस पोटाचा नर पडक्या भिंतीवर बसला की शेपटी सारखी थरथरवतो; नावाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या लंडनमध्ये या जातीने पडक्या इमारतींत घरटी केली होती.

बारमाही रहिवाशांपैकी चिरक आणि दयाळ हे तटाच्या भोकांत घरटी करतात. चिरक तर दगडी बांधकामाशिवाय राहतच नाही असे वाटावे इतका ठरलेला असतो. पावसाळ्यात गवत वाढल्यावर शेंडीवाला भारीट खडकाळ उतारांवर गाऊ लागतो. काळा नर, तांबूस पंख आणि डोक्यावर टोकदार तुरा. तो दगडी बांधाच्या खोबणीत किंवा गवताच्या बुडाशी घरटे करतो. ओढ्याच्या घळीतून माणसाने शीळ घालावी तशी लांबलचक, मधेच सूर हरवलेली शीळ येते ती शीळकरी कस्तुराची. कड्याच्या कपारीतले त्याचे घरटे पाण्याच्या तुषारांनी बाहेरून ओलेच असते.

घुबडांना अवशेषांत कायमची जागा आहे. पडक्या कोटात आणि जुन्या गोदामांत गव्हाणी घुबड राहते. डोंगरातल्या घळींत आणि कड्यांच्या टप्प्यांवर मोठे शृंगी घुबड असते. डोक्यावर पिसांची दोन शिंगे, नारिंगी डोळे आणि कातरवेळी घुमणारा ‘बू-बो’ असा खोल आवाज. ते घरटे बांधत नाही. नोव्हेंबर ते एप्रिलच्या दरम्यान मादी उघड्या दगडी टप्प्यावर, फार तर मातीत उथळ खळगा करून अंडी घालते. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात या घुबडाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्याच्या खाण्यात उंदीर आणि घुशींचा वाटा फार मोठा असतो, म्हणजे भातशेती करणाऱ्यांना हे घुबड फायद्याचे आहे. तरीही त्याच्या आवाजाला अपशकुन मानून त्याला हुसकावणे, प्रसंगी मारणे चालूच आहे. याइतका चुकीचा समज दुसऱ्या कोणत्याही पक्ष्याच्या वाट्याला आलेला नसावा.

पिंगळ्याची गोष्ट भूमध्याशी थेट जोडलेली आहे. अथेन्सची देवता अथीना, तिचे प्रतीक मानलेले छोटे घुबड, आणि ते कोरलेली प्राचीन अथेन्सची चांदीची नाणी प्रसिद्ध आहेत. शास्त्रज्ञांनी त्या घुबडाच्या प्रजातिगटाला अथीनाचेच नाव दिले. आपल्या गावागावांत चिवचिवाट करणारा ठिपकेदार पिंगळा त्याच गटातला. याच गटात रानपिंगळाही बसतो. हा पक्षी १८७३ मध्ये विज्ञानाला कळला, १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे कोणाला दिसला नाही, आणि नामशेष झाल्याची समजूत पक्की होत असतानाच नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी पक्षीतज्ज्ञांना नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ सापडला. २०१४ मध्ये तो ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत पसरलेल्या तानसा अभयारण्यातही आढळला, तेव्हा उत्तर कोकणातल्या सागाच्या जंगलांकडे पक्षीशास्त्राचे नव्याने लक्ष गेले. पूर्वी त्याला वेगळ्या गटात ठेवले जाई. २०१८ च्या जनुकीय अभ्यासाने तो अथीनाच्याच गटातला ठरला. डहाणू आणि तलासरीतली विरळ, साग असलेली जंगले त्याला मानवणाऱ्या प्रकारची असल्याने इथे दिवसा उघड्यावर बसलेला, माथ्यावर ठिपके जवळजवळ नसलेला पिंगळा दिसला तर त्याचे छायाचित्र जरूर घ्यावे.

शिकारी पक्षी पाहायला गडाच्या माथ्यासारखी जागा नाही, आणि याला भौतिक कारण आहे. सकाळी नऊ-दहानंतर उघडे खडक तापतात आणि त्यांवरची हवा वर चढू लागते. दुपारी समुद्रावरून येणारा वारा पश्चिम उतारांना आपटून वर वळतो. गरुड आणि घारी या दोन्ही चढत्या प्रवाहांवर पंख न हलवता तरंगतात आणि माथ्याच्या पातळीला येतात. सपाटीवरून पक्ष्याचे फक्त पोट दिसते. बुरुजावरून पाठ, पंखांची वरची नक्षी आणि कधी कधी डोळाही दिसतो. ओळख पटवायला याचा मोठा उपयोग होतो. जंगलावर शीळ घालत फिरणारा तुरेवाला सर्पगरुड, उघड्या माळावर एका जागी थबकणारा साप गरुड, आणि पोट पांढरे, पंख गडद असा बोनेलीचा गरुड हे या भागातले नेहमीचे गरुड. बोनेलीचा गरुड स्पेनपासून ग्रीसपर्यंतच्या कोरड्या डोंगरांतही राहतो. त्याला ज्यांचे नाव दिले गेले ते बोनेली इटलीतल्या तुरिनचे निसर्गशास्त्रज्ञ होते. मधमाश्यांची पोळी फोडणारा मधुबाजही कड्यांच्या आसपास असतो.

हिवाळ्यात खरुची येते. कबुतराएवढा, तांबूस पाठीचा हा छोटा ससाणा गवताळ उतारावर हवेत एका बिंदूवर पंख फडफडवत थांबतो आणि खाली उंदीर किंवा टोळ दिसला की झेप घेतो. तिची धाकटी बहीण म्हणावी अशी लेसर केस्ट्रेल दक्षिण इटलीतल्या मातेरा या प्राचीन दगडी गावाच्या छपरांत मोठ्या संख्येने घरटी करते. आपल्याकडचा खरा कडेकरी मात्र शाहीन ससाणा. बहिरी ससाण्याची ही भारतीय उपजात गडद पाठीची आणि तांबूस पोटाची असते, आणि हिवाळ्याच्या अखेरीस उंच कड्याच्या टप्प्यावर अंडी घालते. पारव्यांच्या थव्यावर पंख मिटून झेप घेताना बहिरी ससाण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. पारवा हा मूळचा कड्यांचाच पक्षी. शहरातले कबूतर इमारतीच्या सज्जावर बसते ते कड्याच्या टप्प्याची जुनी सवय मोडलेली नाही म्हणून.

या यादीत गिधाडांची जागा जवळजवळ रिकामी पडली आहे. लांब चोचीचे गिधाड कड्यांवर आणि किल्ल्यांवर, तर पांढऱ्या पाठीचे गिधाड ताडामाडावर आणि मोठ्या झाडांवर घरटी करत असे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मेलेल्या जनावरात राहतो आणि ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांच्या काळातली घसरण बहुतेक होऊन गेली होती: पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक, लांब चोचीची सुमारे ९७ टक्के. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. ज्या पारशी समाजाने बहारोटच्या डोंगरात आपला अग्नी राखला, त्याच्या अंत्यविधीत गिधाडांना धार्मिक स्थान होते. ही हानी त्या समाजाला इतरांहून वेगळ्या तऱ्हेने भोगावी लागली.

अवशेष पक्ष्यांना घर देतात आणि पक्षी अवशेष पाडतात, ही इथली सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट आहे. तांबट, बुलबुल, राखी धनेश आणि महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हे वड, पिंपळ, उंबर यांची फळे खातात. बी पोटातून शाबूत बाहेर पडते आणि बसल्या जागी, म्हणजे तटाच्या माथ्यावर किंवा बुरुजाच्या फटीत, विष्ठेबरोबर चिकटते. जुन्या बांधकामातला चुना ओल धरून ठेवतो. त्या ओलीवर बी रुजते आणि मूळ दोन दगडांमधल्या चुन्याच्या दरजेतून वाट काढत आत जाते. पाच-दहा वर्षांत तेच मूळ मनगटाएवढे होते आणि घडीव दगड बाहेर ढकलला जातो. मात्र झाड मोठे झाल्यावर त्याच मुळांच्या जाळ्यात तटाचा उरलेला भाग आवळून राहतो. अशा वेळी झाड तोडले तर भिंतही कोसळते. फळे धरली की हरियालांचे थवे पुन्हा त्याच झाडावर उतरतात. फळलेल्या पिंपळाखाली सकाळचा तासभर काढला तर दिवसभराच्या भटकंतीत दिसणार नाहीत इतके पक्षी दिसतात.

गडावरची खोदीव टाकी हा दुसरा मोठा आधार. सेगव्यावर, गंभीरगडावर, अशेरीवर अशी टाकी आहेत. मार्चनंतर उतारावरचे ओढे आटतात, तेव्हा माथ्यावरच्या टाक्यातले पाणीच आसपासच्या पक्ष्यांना उरते. भिंगऱ्यांना चिखल मिळतो तो टाक्याच्या काठचा. करडा धोबी हिवाळाभर टाक्याच्या कडेने शेपटी हलवत फिरतो. टाके साफ करताना त्याचा काठ पूर्ण सिमेंटचा गुळगुळीत केला तर पाणी राहते, पण चिखल संपतो आणि लहान पक्ष्यांना उतरायला जागा उरत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उतारांवर काटेसावर, पळस आणि पांगारा फुलतात. मध आणि किड्यांसाठी सूर्यपक्षी, हळद्या, कोतवाल आणि पळसमैनांचे थवे त्यांवर तुटून पडतात. पळसमैना हिवाळ्यानंतर मध्य आशियात परत जाण्याच्या तयारीत असतात. मे अखेरीला नवरंग येतो आणि पहाटे-संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. पावशा आणि चातक पावसाची वर्दी देतात. पावसाळ्यात गडांच्या वाटा निसरड्या असतात आणि धुक्यात काही दिसत नाही, तेव्हा पायथ्याचे ओढे आणि असवली, कुर्झे इथले जलाशय पाहणे बरे. डहाणूच्या कोटाजवळ खाडीकाठी मात्र हिवाळ्यातल्या भरती-ओहोटीचे गणित सांभाळावे: पाणी उतरले की चिखल्या, तुतवार आणि समुद्री बगळे चिखलावर पसरतात, भरतीला ते दूर निघून जातात.

डोंगरमाथे इथल्या आदिवासींसाठी केवळ भग्न वास्तू नाहीत. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे मूळ स्थान डोंगरावर मानले जाते आणि चैत्री पौर्णिमेला वर ध्वज चढतो. गंभीरगडावर आणि अशेरीवरही देवीची ठाणी आहेत. वारल्यांच्या घरात हिरवा देव मोरपिसांच्या रूपात पुजला जातो आणि लग्नचौकाच्या चित्रात झाडांबरोबर पक्षीही उमटतात. ज्या डोंगराला देवाची जागा मानले जाते तिथली झाडे सहसा तुटत नाहीत, म्हणून पक्ष्यांसाठी या डोंगरांचे मोल मोठे आहे. दुसरीकडे पोरांच्या हातात गलोल असते, आणि तीतर-लावरीपासून हरियालापर्यंत बरेच पक्षी तिला बळी पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बेकायदा आहे. तरी केवळ कायदा सांगून गलोल खाली ठेवली जात नाही. गावातल्या मुलांना वाटाड्या म्हणून सोबत घेतले आणि त्याचा मोबदला दिला, तर पक्ष्यांची त्यांची ओळख बाहेरच्या निरीक्षकालाही शिकवून जाते.

पाहण्याची साधने साधी आहेत. आठ पट मोठे दाखवणारी, फार जड नसलेली दुर्बीण, वही, पाणी आणि मातकट रंगाचे कपडे. उजाडायच्या आत पायथा सोडावा म्हणजे जंगलातले पक्षी वाटेत दिसतात आणि हवा तापायच्या वेळी माथा गाठता येतो. गुहेत शिरण्याआधी दाराशी थांबून डोळे अंधाराला सरावू द्यावेत; आत वटवाघळे असतील तर विजेरी छताकडे रोखू नये. कड्याला किंवा कमानीला आग्या मोहोळ लटकलेले असेल तर ती बाजू सोडून द्यावी. अत्तर, धूर आणि गोंगाट यांनी चवताळलेल्या या माश्यांनी महाराष्ट्रातल्या अनेक गडांवर जीव घेतले आहेत. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे विणीच्या काळात घातक ठरते. नर आपली हद्द सांभाळायला धावतो आणि तेवढा वेळ घरटे उघडे पडते. शृंगी घुबड किंवा शाहीन अंड्यांवर असताना कोणी कड्याच्या टप्प्यावर उतरले तर मादी उडते, आणि उघड्या दगडावरची अंडी दुपारच्या उन्हात अर्ध्या तासात निकामी होऊ शकतात.

धोका गडांना आहे तसा पक्ष्यांनाही. डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. त्या संरक्षणामुळे या भागाची बरीच हिरवाई टिकली. तरी काळ्या पाषाणाला खडी म्हणून मागणी आहे, रस्ते आणि रेल्वेचे मोठे प्रकल्प याच पट्ट्यातून जातात, आणि उन्हाळ्यातले वणवे जमिनीवर घरटी करणाऱ्या लावरी, तीतर आणि रातव्यांचा सगळा हंगाम जाळून टाकतात.

गडसंवर्धनाचा उत्साह अलीकडे वाढला आहे आणि तो स्वागतार्ह आहे. फक्त कामाची वेळ आणि पद्धत पाहायला हवी. तटाच्या सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या तर चिरक, दयाळ आणि पाकोळ्या बेघर होतात, शिवाय सिमेंट जुन्या चुन्यात मिसळून येत नाही आणि अडकलेले पाणी दगड फोडते. चुन्याच्या दरजा चुन्यानेच भराव्यात, भाराच्या नसलेल्या खोल फटी मोकळ्या ठेवाव्यात, आणि कमानीतली पाकोळ्यांची घरटी घाण म्हणून खरवडू नयेत. बुरुजावरची पिंपळाची रोपे बोटाएवढी असतानाच उपटावीत. मोठ्या झाडाला हात लावण्याआधी जाणकाराला विचारावे. कड्यालगतची साफसफाई पावसाळा संपल्यावर लगेच, ऑक्टोबरमध्ये उरकावी, म्हणजे घुबडे आणि ससाणे विणीला बसण्याआधी माणसे खाली उतरलेली असतात. टाक्यातला गाळ मार्चअखेरीपर्यंत काढावा आणि काढलेला गाळ दरीत लोटून न देता टाक्याच्या एका कडेला उतरता पसरावा. पहिल्या वळवाच्या सरीनंतर भिंगऱ्या तिथेच चिखल उचलायला येतात.